वचन दाखवण्याआधी: मंडळीतला प्रश्न शास्त्रापुढे कसा मांडावा

मंडळीच्या (चर्चच्या) सभेत वाद पेटला की कोणीतरी बायबल उघडतो, एक वचन मोठ्याने वाचतो आणि खाली बसतो. मग बाकीच्यांची पंचाईत होते, कारण आता जो बोलेल तो वचनाविरुद्ध बोलला असे होणार. शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अधिकार मानणाऱ्या मंडळ्यांत हे सर्रास चालते. अशाने वजन वाढते ते वाचणाऱ्याचे, शास्त्र मात्र बाजूलाच राहते. मंदिराच्या शिखरावर सैतानानेही वचनच दाखवले होते, तेही स्तोत्र ९१ मधले: उडी टाक, देवदूत तुला झेलतील (मत्तय ४:६). येशूने त्याला अनुवाद या पुस्तकातले ६:१६ ऐकवले, देवाची परीक्षा पाहू नको, आणि त्या वचनाला त्याची जागा दाखवली. एक वचन दुसऱ्या वचनाने तपासायचे, हा पुढे दिलेल्या कृतीचा कणा. बाकीच्या पायऱ्या ते तपासणे प्रामाणिक राहावे म्हणून आहेत.

कृती प्रोटेस्टंट मंडळ्यांतल्या पाळक, वडील (मंडळीच्या कारभारातले ज्येष्ठ), कमिटी आणि बायबल अभ्यास गटांसाठी लिहिली आहे. उदाहरण एकच घेतले आहे, दशमांशाचे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचे. पैशाचा प्रश्न असल्याने कोणी तटस्थ नसतो आणि पद्धत कुठे लंगडी पडते ते लगेच दिसते.

आधी प्रश्न लिहून काढा

एका वाक्यात, फळ्यावर किंवा कागदावर. ‘लोक दशमांश का देत नाहीत?’ हा प्रश्न बाद, कारण उत्तर त्यातच दडलेले आहे. ‘दशमांश जुना झाला ना?’ हाही त्याच कारणाने बाद. चालेल असा प्रश्न: ‘ख्रिस्ती माणसाने उत्पन्नाचा दहावा भाग मंडळीला द्यावा अशी शास्त्राची आज्ञा आहे का?’ मग त्याचे तुकडे करा. आज्ञा आहे का? कोणाला? कशातून द्यायची? कोणाला पोचायची? न दिल्यास मंडळीने काय करावे? शेवटचा तुकडा बहुतेक वेळा कोणी लिहीत नाही, आणि भांडण नेमके त्यावरच होते. एखाद्याचे नाव मतदार यादीतून काढायचे किंवा त्याला कमिटीवर घ्यायचे नाही, असे कोणाच्या मनात असेल तर ते याच टप्प्यावर उघड बोलून घ्यावे.

माणसे आणि सामान

आठ ते बारा माणसे पुरेत. त्याहून जास्त झाली की वाचन मागे पडते आणि भाषणे सुरू होतात. दीड-दीड तासाच्या तीन बैठका धरा. एक वाचणारा, एक टिपणारा. अध्यक्ष शक्यतो पाळक नसावा. पाळकांनी शेवटी बोलावे. ते आधी बोलले की निम्मे लोक मान डोलावतात आणि उरलेले गप्प बसतात, मग तपासायला काही उरतच नाही. बिरुया गावच्या लोकांनी खुद्द प्रेषित पौलाचे बोलणे दररोज शास्त्रात पडताळून पाहिले आणि त्याबद्दल त्यांची वाहवाच लिहिली गेली (प्रेषितांची कृत्ये १७:११). पाळकांना वाईट वाटेल ही भीड इथे उपयोगाची नाही.

मराठी बायबलची दोन वेगळी भाषांतरे हवीत. एक मंडळीत नेहमी वाचले जाते ते, एक सोप्या भाषेतले. हिंदी किंवा इंग्रजी प्रत असल्यास उत्तम. वही मोठी घ्यावी. मोबाइलमधल्या बायबलमध्ये शब्द शोधता येतो, तो शोधासाठी जरूर वापरा, पण वाचन छापील प्रतीतून करा. पडद्यावर सापडलेले वचन एकटेच दिसते, मागचे-पुढचे अध्याय नजरेला पडत नाहीत.

सगळी वचने गोळा करा, अडचणीचीही

पहिली बैठक फक्त यासाठी. ‘दशमांश’ शोधा, मग ‘दहावा भाग’ आणि ‘दहावा हिस्सा’ही शोधा, कारण भाषांतराप्रमाणे शब्द बदलतो. एवढ्यावर थांबू नका. ‘वर्गणी’, ‘दान’, ‘प्रथमफळ’ हेही बघा. नव्या करारात देण्याबद्दल जे सर्वांत सविस्तर लिहिले आहे, त्यात ‘दशमांश’ हा शब्दच येत नाही. शब्दावर शोध थांबवला तर तो भाग हातून निसटतो.

वहीत चार रकाने करा: उतारा; कोण कोणाला बोलतो; कोणत्या काळात; बोलण्याचा प्रकार कोणता. प्रकाराच्या रकान्यात आज्ञा, घडलेला प्रसंग, नवस, अभिवचन, उपरोध, शहाणपणाचे बोल यांपैकी काहीतरी लिहायचे. या शेवटच्या रकान्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. काही नोंदी अशा होतील:

उत्पत्ती १४:२०. अब्राम मलकीसदेक या याजक-राजाला देतो. लढाईतली लूट, एकदाच. प्रसंग.

उत्पत्ती २८:२०-२२. याकोब बेथेलात बोलतो. देव सांभाळील, अन्नवस्त्र देईल तर दशमांश देईन. नवस, तोही अटीचा.

लेवीय २७:३०-३२. इस्राएलाला आज्ञा. शेताचे पीक, झाडाचे फळ, गुरेमेंढरे. पिकाचा दशमांश पैसे देऊन सोडवायचा तर वर पाचवा हिस्सा जादा.

गणना १८:२१-२८. दशमांश लेव्यांना (देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाला), कारण त्यांना जमिनीचे वतन नाही. लेव्यांनीही मिळालेल्या दशमांशाचा दशमांश अहरोन याजकाला द्यायचा.

अनुवाद १४:२२-२९. देणाऱ्याने तो आपल्या घराण्यासह परमेश्वरासमोर खायचा. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा: लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी.

१ शमुवेल ८:१५-१७. राजा तुमच्या पिकाचा आणि मेंढरांचा दशमांश घेईल. हा इशारा आहे.

आमोस ४:४. ‘दर तीन दिवसांनी दशमांश आणा.’ शोधयंत्रात ही सरळ आज्ञा दिसते. आधीचे शब्द वाचले की कळते, संदेष्टा टोमणा मारतो आहे: बेथेलास या आणि पाप करा!

आमोसाची नोंद नवख्या गटाकडून हमखास आज्ञेच्या खाली जाते. जाऊ द्या. दुसऱ्या बैठकीत आख्खा अध्याय वाचताना ती त्यांची तेच खोडतात, आणि उतारा पूर्ण का वाचायचा यावर वेगळे भाषण द्यावे लागत नाही.

आपल्या मताला अडचणीचे उतारे मुद्दाम टिपा. दशमांश सक्तीचा नाही असे मानणाऱ्यांनी मत्तय २३:२३ लिहावे. तिथे येशू पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांशही सोडायचा नव्हता असे म्हणतो. तो बंधनकारक आहे असे मानणाऱ्यांनी २ करिंथ ९:७ लिहावे; तिथे ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून नव्हे, असे आहे. वाटल्यास कामे उलटी वाटून द्या. सक्तीच्या बाजूच्या माणसाने मुभेची वचने शोधायची, मुभेवाल्याने सक्तीची. शोध जास्त कसून होतो.

मलाखी पहिल्या ओळीपासून

दुसऱ्या बैठकीत वाचन. दशमांशावरच्या उपदेशात सर्वांत जास्त वापरले जाणारे वचन म्हणजे मलाखी ३:१०: सर्व दशमांश भांडारात आणा, आणि आकाशकपाटे उघडतात की नाही ते पाहा. हे पुस्तक चार अध्यायांचे, ५५ वचनांचे. मोठ्याने वाचायला साधारण पाव तास लागतो. तेवढा वेळ काढला तर काय हाती लागते ते पाहू.

पहिल्या अध्यायात ठपका याजकांवर आहे. आंधळे, लंगडे, रोगी पशू वेदीवर चालवून घेतल्याबद्दल देव त्यांना धारेवर धरतो आणि म्हणतो, तुमच्यापैकी कोणी मंदिराची दारेच बंद केली तर बरे (१:१०). दुसऱ्या अध्यायात पुन्हा याजक: नियमशास्त्र शिकवताना त्यांनी तोंड पाहून निवाडा केला (२:९). मग तरुणपणच्या बायकोशी केलेला विश्वासघात. तिसऱ्या अध्यायात पाचव्या वचनात मजुराची मजुरी अडवणारे, विधवा-अनाथांना छळणारे, परदेशीयाचा हक्क मारणारे यांच्याविरुद्ध देव साक्षीला उभा राहतो. आणि यानंतर, आठव्या वचनात, दशमांशाचा विषय निघतो.

म्हणजे ३:१० वाचून दाखवणाऱ्याच्या हाती जे पुस्तक आहे, ते सेवकवर्गाची झाडाझडती घेऊन मगच लोकांच्या थैलीकडे वळते. ३:५ सोडून ३:१० वर उपदेश होत असेल तर कमिटीतल्या कोणीतरी शांतपणे विचारावे: मंडळीच्या झाडलोटीवाल्याला, शाळेतल्या शिपायाला, गाडीच्या चालकाला पगार वेळेवर मिळतो का? हा आगाऊपणा होत नाही. दोन्ही वचने एकाच अध्यायातली आहेत, मधे फक्त चार वचने.

त्याच काळातले नहेम्या १३ शेजारी ठेवून वाचा. लेव्यांचा वाटा त्यांना मिळाला नाही म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले (१३:१०). त्याच अध्यायाच्या सुरुवातीला दिसते की दशमांशाची मोठी खोली एल्याशीब याजकाने आपला संबंधी तोबीया याला देऊन टाकली होती. प्रांताधिकारी नहेम्याने तोबीयाचे सामान बाहेर फेकले, खोल्या शुद्ध करवल्या, आणि दशमांश परत येऊ लागल्यावर विश्वासू म्हणून नावाजलेली माणसे भांडारावर नेमली (१३:१३). लोकांनी हात का आखडता घेतला याचे एक कारण यात असावे.

ही आज्ञा आपल्यापर्यंत कशी येते?

इथे घाई झाली की दोन चुका होतात. एक, जुन्या करारातले आहे म्हणून सगळे एका फटक्यात बाजूला टाकणे. दुसरी, इस्राएल देशाला, लेव्यांच्या व्यवस्थेत दिलेली आज्ञा जशीच्या तशी आजच्या पगारपत्रकाला लावणे. प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारा: ही ज्या व्यवस्थेचा भाग होती ती व्यवस्था ख्रिस्तात कुठे गेली? आज्ञेमागचे कारण अजून उभे आहे का? नव्या करारात ती पुन्हा सांगितली, बदलली, की तिच्यावर मौन आहे?

लेवीय याजकपद आज नाही. इब्री लोकांस पत्राचा सातवा अध्याय त्यावरच आहे. त्या अध्यायात दशमांश येतो तो मलकीसदेकाचे मोठेपण दाखवण्यासाठी, वर्गणीचा दर ठरवण्यासाठी नव्हे. पण वचनाची सेवा करणाऱ्याचे पोट त्या सेवेवर भरावे, हे कारण उभे आहे आणि पौल ते मंदिरातल्या सेवेचा दाखला देऊनच सांगतो (१ करिंथ ९:१३-१४). गरिबाचा वाटा हेही उभे आहे. मत्तय २३:२३ चे बोलणे शास्त्री-परूश्यांशी (त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांशी) आहे, मंदिर चालू असतानाचे आहे. तरी त्यातला न्याय, दया आणि विश्वास यांचा भार कोणालाच चुकवता येत नाही.

आता २ करिंथ ८ आणि ९ सलग वाचा, मधे थांबू नका. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकातले, नव्या करारातल्या वचनांचे आकडे १५५१ मधले. पौलाने पत्र लिहिले तेव्हा तिथे खंड नव्हता. छापील बायबलातले मथळेही संपादकांचे असतात, त्यांच्या आधाराने काही सिद्ध करू नये. या दोन अध्यायांत टक्का कुठेच नाही. मासेदोनियातल्या मंडळ्या आपल्या दारिद्र्यात ऐपतीबाहेर देतात (८:२-३). देणे आपल्याजवळ असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नाही (८:१२). आणि एक तपशील उपदेशात फारसा येत नाही: पैसे नेताना कोणी दोष लावू नये म्हणून पौल मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो, प्रभूच्याच दृष्टीने नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते पाहतो (८:१९-२१). शास्त्राचा अधिकार देणाऱ्यावर चालतो तसा खजिनदारावरही चालतो. पेटी दोघांनी मिळून उघडावी, मोजणी तिथेच लिहावी, हिशेब सूचनाफलकावर लावावा. असा शब्दशः हुकूम नाही, पण हा त्याच उताऱ्यातून निघणारा सरळ अर्थ आहे.

निष्कर्ष एका दमात लिहू नका

तिसऱ्या बैठकीत तीन कागद घ्या.

पहिल्यावर शास्त्र जे स्पष्ट सांगते तेवढेच. ख्रिस्ती माणसाने द्यावे, नियमित द्यावे, प्राप्तीच्या मानाने द्यावे (१ करिंथ १६:२), खुशीने द्यावे. सेवकाला आणि गरिबाला त्यातून मिळावे. हिशेब निर्दोष असावा. इथे प्रत्येक वाक्यासमोर उतारा असलाच पाहिजे. नसेल तर ते वाक्य खाली सरकते.

दुसऱ्यावर अनुमान. उदाहरणार्थ: लेव्यांच्या व्यवस्थेतही दहावा भाग होता, तर कृपेखाली असलेल्याने तो आपल्या देण्याची सुरुवात मानावा. हे चांगले अनुमान आहे, बरेच विश्वासू लोक तसे मानतात. काही जण अब्रामाचे देणे नियमशास्त्राच्या आधीचे आहे, म्हणून दशमांश आजही लागू आहे असे म्हणतात. प्रसंगावरून आज्ञा काढता येते का, हा तिथला वादाचा मुद्दा. तो तसाच लिहून ठेवा.

तिसऱ्यावर मंडळीची सोय. पाकीट महिन्याचे की आठवड्याचे, नावासकट की बिननावाचे, कापणीच्या सणाच्या लिलावाची रक्कम कोणत्या खात्यात. यात शहाणपण चालते, ठराव बदलताही येतो.

१६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रानेही (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या श्रद्धेच्या निवेदनाने) पहिल्याच प्रकरणात ही विभागणी केली आहे: जे स्पष्ट लिहिले आहे, जे त्यातून अपरिहार्यपणे निघते, आणि आराधना व कारभाराच्या ज्या बाबी ख्रिस्ती शहाणपणाने ठरवायच्या आहेत. अँग्लिकन परंपरेच्या एकोणचाळीस कलमांपैकी विसावे सांगते की मंडळीने शास्त्राच्या एका भागाचा अर्थ दुसऱ्या भागाच्या विरुद्ध जाईल असा लावू नये. तुमच्या मंडळीचे मूळ यांपैकी कशातही असो, चाचणी म्हणून दोन्ही कामाची आहेत.

तिसऱ्या कागदावरची गोष्ट पहिल्या कागदाच्या आवाजात वाचली जाते, तिथे बिघडते. ‘कमिटीने ठरवले आहे’ असे म्हटले तर लोक वाद घालतील. ‘देव म्हणतो’ म्हटले की गप्प बसतील. हा मोह मोठा. मार्क ७:९-१३ मध्ये येशू नेमके यावर बोट ठेवतो: आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिले की जबाबदारी संपली, असा नियम माणसांनी केला आणि देवाची आज्ञा मोडीत काढली. म्हाताऱ्या आईच्या औषधाचे पैसे थांबवून कोणी पाकीट भरत असेल, तर पाळकांनी ते पाकीट परत करावे आणि सोबत १ तीमथ्य ५:८, घरच्यांची तरतूद करण्याबद्दलचे वचन, वाचून दाखवावे.

दर्शन, चिठ्ठी आणि फॉरवर्ड

‘प्रभूने मला दाखवले’ असे म्हणत कोणी आले तर हसू नये आणि लगेच मान्यही करू नये. तारीख घालून ते शब्दशः लिहून घ्या, सांगणाऱ्याला वाचून दाखवा, सही घ्या. मग तेच तीन कागद. संदेशाचा धिक्कार करू नका, सर्व गोष्टींची पारख करा, अशी दोन्ही वाक्ये एकामागोमाग आहेत (१ थेस्सलनीका ५:२०-२१). पारख नको म्हणणारा संदेश तिथेच नापास. चिन्ह खरे ठरले तरी शिकवण चुकीची असेल तर ऐकू नका, हे अनुवाद १३:१-३ मध्ये आहे. ‘पण त्यांच्या प्रार्थनेने लोक बरे होतात’ या युक्तिवादाला हे वचन उत्तर आहे.

नववर्षाच्या रात्री वचनाची चिठ्ठी काढण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. मनाला धीर येतो, त्याला हरकत नाही. पण त्या चिठ्ठीवर घर विकायचे, मुलीचे लग्न ठरवायचे किंवा शस्त्रक्रिया टाळायची, असे होऊ लागले की थांबवावे. यिर्मया २९:११, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे वचन चिठ्ठ्यांत फार लाडके आहे. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे, आणि आदल्या वचनात ७० वर्षे थांबायला सांगितले आहे. चिठ्ठी काढायचीच तर मागे अध्यायाचा आकडा मोठा छापा आणि तो अध्याय त्या आठवड्यात घरी वाचायला सांगा.

व्हॉट्सॲपवर आलेल्या वचनाबाबत एकच: पुढे पाठवण्याआधी आकडा बायबलात उघडून बघा. कधी तसे वचनच नसते, कधी निम्मेच असते.

गटात कॅथलिक नातेवाईक असतील तर

आंतरमंडळीय लग्ने होतात, घरसभेला दोन्हीकडचे बसतात. त्यांच्या बायबलात ७३ पुस्तके आहेत, आपल्यात ६६. त्या जादा पुस्तकांपैकी टोबित किंवा मक्काबी वाचले गेले तर ‘हे कुठले बायबल’ म्हणून आवाज चढवू नका. कॅथलिक शिकवणीत शास्त्र, परंपरा आणि पोप व बिशप यांचा शिकवण्याचा अधिकार एकत्र चालतात. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हेही स्पष्ट केले, की तो शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नाही, त्याची सेवा करतो. ‘अंतिम शब्द कोणाचा’ यावर घरसभेत एकमत होणार नाही. उतारा काय म्हणतो इथवर बहुतेक वेळा होते, तेवढे वाचून घ्यावे.

ठराव, वही आणि पुढची तारीख

मत मोजून शास्त्राचा अर्थ ठरवू नका. मतदान फक्त तिसऱ्या कागदावर. दुसऱ्या कागदावर मतभेद राहिले तर दोन्ही बाजू त्यांच्या उताऱ्यांसह नोंदवा आणि रोमकरांस १४, मतभेदात एकमेकांना दोष लावू नये हे सांगणारा अध्याय, वाचून बैठक संपवा. कोणाच्या विवेकावर अनुमानाचे ओझे लादू नये. पहिल्या कागदावरचे मात्र रविवारी व्यासपीठावरून वाचावे, उताऱ्यांसकट, पाळकांनीच. वाचताना कमिटीला आणि खजिनदाराला लागू होणारी वाक्ये आधी, मंडळीला लागू होणारी नंतर.

वही कपाटात बंद ठेवू नका. अभ्यास गटाकडे द्या आणि वर्षाच्या सर्वसाधारण सभेच्या आधी महिनाभर ती सगळ्यांना पाहायला मिळू द्या. कोणी सुटलेला उतारा आणला, मग तो रविवार शाळेतला मुलगा का असेना, तर तो चार रकान्यांत लिहा आणि पुढच्या बैठकीत त्याच्यापासून सुरुवात करा.